ग्रंथपालबाईंचं टपाल: ६४० नंबरचं कपाट

गेल्या अंकात बोलण्याच्या ओघात मी एक वाक्य लिहून गेले होते. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली, तिथलं गृहशास्त्राचं अख्खं कपाट मी निवृत्त झाल्यावर एका मे महिन्यात रद्दीत गेलं, एवढंच ते वाक्य. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पोस्टमन म्हणाला, "बाई, लग्नाबिग्नाची जाहिरात दिलीसा काय?" त्यातली सहा पत्रं आज घेते.

बाई, मी इतिहासात पीएच.डी. करतेय. 'मुलींचं गृहशास्त्र-शिक्षण' असा विषय घ्यायचा म्हटलं तर विभागातले एक सर हसले आणि म्हणाले, "पाककृतींवर प्रबंध लिहिणार का?" याचं साहित्य कुठं मिळेल? की खरंच विषय बदलू? (संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

विषय अजिबात बदलू नकोस. सर हसले त्यात नवल नाही, माझ्या कपाटालाही लोक हसायचेच.

आधी त्या कपाटावरचा ६४० हा आकडा समजून घे. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर जो नंबर असतो, तो मेल्विल ड्युई या अमेरिकन गृहस्थाच्या पद्धतीतला. त्यात ६४० म्हणजे घर चालवण्याचं शास्त्र. ६४१ खाणंपिणं, ६४६ शिवणकाम, ६४९ मुलांचं संगोपन. गंमत अशी की या विषयाचं बारसंही ड्युईंच्याच अंगणात झालं. न्यूयॉर्क राज्यात लेक प्लॅसिड नावाचं गाव आहे, तिथं ड्युई नवरा-बायकोचा क्लब होता. १८९९ साली त्या क्लबात थोडे लोक जमले, विषयाला नाव काय द्यावं यावर खल केला आणि 'होम इकॉनॉमिक्स' हे नाव पक्कं केलं. दर वर्षी अशा परिषदा १९०८पर्यंत भरल्या आणि त्यातून १९०९ साली त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पहिल्या अध्यक्ष एलेन रिचर्ड्स. ही बाई रसायनशास्त्रज्ञ. एमआयटी या संस्थेत शिकलेली पहिली स्त्री, १८७३ची पदवीधर. तिला प्रवेश दिला तो फी न घेता. का, तर उद्या कुणी बोट दाखवलं तर 'ती आमची रीतसर विद्यार्थिनी नव्हेच' असं म्हणता यावं. पुढं तिनं मॅसॅच्युसेट्सच्या नद्या-विहिरींचं पाणी तपासलं, स्वयंपाक आणि धुण्याभांड्याच्या रसायनशास्त्रावर १८८२ साली पुस्तक लिहिलं. तुझ्या सरांना पाककृतींच्या आधी हे सांग.

आता साहित्य. जगातला मोठा संग्रह आहे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मान ग्रंथालयात. त्यांनी १८५० ते १९५० या शंभर वर्षांतली गृहशास्त्राची पुस्तकं आणि मासिकं स्कॅन करून फुकट वाचायला ठेवली आहेत. संग्रहाचं नाव 'हार्थ'. इंग्रजीत त्याचा अर्थ चुलीची जागा, म्हणजे नाव बरं शोधलंय. लेक प्लॅसिडच्या परिषदांतून उभ्या राहिलेल्या त्या राष्ट्रीय संघटनेचं मासिक अगदी १९०९च्या पहिल्या अंकापासून त्यात आहे. घरबसल्या वाचता येतं, पण वाचताना वही जवळ ठेव, नाहीतर रात्र जाते. माझ्या गेल्यात.

कॉर्नेलचाच इतिहास घे. १९०० साली मार्था व्हॅन रेन्सेलर नावाच्या बाईंना तिथं शेतकऱ्यांच्या बायकांसाठी टपालाने अभ्यासक्रम चालवायला बोलावलं. पहिली पुस्तिका कशावर? पावलं वाचवण्यावर. विहीर, चूल, कोठी, मोरी यांत बाईची दिवसभरात किती पायपीट होते आणि ती कमी कशी करायची. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंचं आजऱ्याकडचं घर आठवलं. चूल एका टोकाला, पाण्याचा रांजण दुसऱ्या टोकाला, मधे तीन उंबरे. कुणी पुस्तिका पाठवली नव्हती त्यांना.

आणि त्याच कॉर्नेलात दुसरी गोष्ट वाचलीस की तुला घास जाणार नाही. मुलींना बालसंगोपन 'प्रॅक्टिकल' म्हणून शिकवायला १९२०च्या आसपास अनाथालयातून तान्ही बाळं आणली गेली. सरावाच्या फ्लॅटमध्ये विद्यार्थिनी पाळीपाळीने आई व्हायच्या. पहिल्या बाळाचं आडनाव ठेवलं 'डोमेकॉन', म्हणजे डोमेस्टिक इकॉनॉमीचं लघुरूप. बाळाच्या आडनावाच्या जागी विषयाचं नाव! पुढं ती मुलं दत्तक जात. संग्रह जपायचा तो असल्या गोष्टींसाठीही. कौतुकाचं तेवढं ठेवलं आणि बाकीचं गाळलं, तर तो इतिहास नव्हे.

आपल्याकडचं सांगते. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हापासून हा वाद आहे. मुलींना इंग्रजी शाळेसारखं अकरा ते पाच बसवून शिकवायचं की थोडा वेळ घरोपयोगी शिक्षण द्यायचं, यावर टिळकांच्या वृत्तपत्रांतून किती शाई गेली ते तू मुळातून वाच. मग १९१६ साली अण्णासाहेब कर्वे पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ काढतात. त्यांना कल्पना सुचली ती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून, आणि त्या १९०१ सालच्या जपानी विद्यापीठात गृहशास्त्राचा विभाग पहिल्यापासून होता. म्हणजे लेक प्लॅसिड, टोकियो, हिंगणे असा हा रस्ता आहे. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२चं. ते काढलं अखिल भारतीय महिला परिषदेनं, आणि त्या परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ साली भरलं होतं आपल्या पुण्यात.

कोल्हापुरात शोधायला सुरुवात करवीर नगर वाचन मंदिरापासून कर, ते १८५० सालचं. मग शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय. मग पुराभिलेखागारात संस्थानी शिक्षण खात्याचे कागद. शिक्षिका घडवणारं फिमेल ट्रेनिंग स्कूल, तिथल्या प्रमुख मिस लिटल, त्यांच्यानंतर रखमाबाई केळवकर ही नावं घेऊन जा. आणि एक युक्ती. यादीत 'गृहविज्ञान' शोधलंस तर हात हलवत परत येशील, कारण तो शब्द नंतरचा. जुन्या यादीत हे सगळं गृहव्यवस्था, गृहिणी, पाकशास्त्र, सूपशास्त्र, आरोग्य, शिशुसंगोपन, भरतकाम, स्त्रीधर्म असल्या नावांखाली विखुरलेलं असतं. कुठंच बसलं नाही की 'संकीर्ण'मध्ये. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी १९१०चं हजार पाककृतींचं 'गृहिणी-मित्र' संकीर्णमध्ये टाकलं होतं, शेजारी रेल्वेचं टाइमटेबल. तेव्हा अक्कल नव्हती.

किर्लोस्करवाडीहून १९३० साली निघालेलं 'स्त्री' मासिक सोडू नकोस. लेखांइतक्याच जाहिराती वाच. शिवणयंत्र, स्टोव्ह, बाळाची पावडर. घरात काय यायला लागलं ते जाहिरातीत आधी दिसतं, पाठ्यपुस्तकात दहा वर्षांनी.

आईच्या शाळेतली गृहशास्त्राची प्रयोगवही सापडली. १९६८-६९, इयत्ता नववी. घर रिकामं करतोय. भाऊ म्हणतो रद्दीत घाल. तुमचं कपाट आठवलं म्हणून विचारतो. (गडहिंग्लजहून एक वाचक)

भाऊंना म्हणावं, किलोला काय मिळेल ते मी देते.

तुम्ही एसटीने पाठवलेलं पार्सल पोचलं. वही या क्षणी माझ्या टेबलावर आहे आणि चहाचा कप मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवलाय. पुठ्ठ्याला तपकिरी कागद, त्यावर आईंचं नाव, तुकडी ब. पहिली आठ पानं शिवणाची. मांजरपाटाचे दोन-दोन इंचांचे तुकडे चिकटवलेत. धावदोरा, टीप, उलटी टीप, तुरपाई, काज, रफू. पहिल्या तुकड्यावरचा धावदोरा दारू प्यायल्यासारखा चाललाय. रफूपर्यंत येता येता मात्र हात असा बसलाय की उजेडासमोर धरल्याशिवाय फाटलेलं कुठं होतं ते कळत नाही. हूक-आकडीचा तुकडा गंजलाय आणि गंज मागच्या पानावर उतरलाय.

मग येतो डाग काढण्याचा तक्ता. चहा, शाई, गंज, तेल, हळद. हळदीसमोर आईंनी लिहिलंय: 'साबण लावू नये, डाग लाल होतो. लिंबू पिळावे, मग पिवळा होतो. उन्हात वाळत घालावे.' बाजूला बाईंनी तांबड्या शाईत विचारलंय: 'कारण?' आणि खाली बारीक पेन्सिलीत उत्तर: 'साबणात अल्कली असते.' बाईंची बरोबरची खूण.

या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. हळदीतला पिवळा रंग अल्कलीत तांबूस होतो, आम्लात पुन्हा पिवळा होतो. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे दाखवतो तेच. त्या वर्षी गावाकडच्या शाळेत किती मुलींच्या हातात परीक्षानळी आली असेल? तुमच्या आईंनी आम्ल आणि अल्कली ओढणीच्या टोकावर शिकलं. एलेन रिचर्ड्सना याहून वेगळं काय हवं होतं?

पुढच्या पानावर 'समतोल आहाराचा नमुना' आहे. सकाळी टोस्ट, लोणी, उकडलेलं अंडं, संत्र्याचा रस. हे छापील पुस्तकातून उतरवलेलं. खाली आईंनी कंस करून लिहिलंय: 'आमच्यात: भाकरी, आमटी, खर्डा, ताक.' तो कंस कुठल्याच छापील पुस्तकात मिळणार नाही. शाळा काय शिकवत होती ते पुस्तक सांगतं, मुलींनी त्याचं काय केलं ते वही सांगते. ग्रंथालयात पुस्तकं असतात. वह्या कुणीच ठेवल्या नाहीत, मीसुद्धा नाही. माझ्या कपाटातही पुस्तकंच होती हो.

तर वही परत हातात आली की एवढं करा. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. टाचण्या आणि ते गंजकं हूक हलक्या हाताने काढून वेगळ्या कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर पान क्रमांक पेन्सिलीने लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आपल्या पावसाळ्यात आत घाम धरतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळा आणि भिंतीला न चिकटलेल्या कपाटात आडवी ठेवा. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. फोटो काढून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. आणि एका कागदावर आईंचं नाव, गाव, शाळा, वर्ष लिहून वहीत घाला. पन्नास वर्षांनी हाच कागद सगळ्यांत महत्त्वाचा ठरेल. मग ग्रंथालयाला द्यायची तर लेखी पोच घ्या. पोच देत नसतील तर देऊ नका.

गृहशास्त्र म्हणजे मुलींना चुलीपाशी बांधून ठेवायचीच युक्ती होती ना? त्याचा संग्रह कशाला? (जयसिंगपूर)

अर्धं खरं बोललात, म्हणून उत्तर देते.

युक्ती होतीच. पण ती युक्ती आहे हे त्याच विषयाच्या पाठीराख्या बायकांनीही ओळखलं. हंसाबेन मेहतांचं नाव ऐकलंय ना? मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असं होऊ घातलं होतं, तिथं 'सर्व माणसं' करायला लावलं त्या. बडोद्याच्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू, आणि १९५० साली तिथं गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. पुढं १९६०नंतर मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हे ठरवायला जी समिती नेमली तिच्या अध्यक्षाही त्याच. समितीनं सांगितलं, वेगळा नको. घरकाम दोघांचं, तर शिक्षण दोघांना. देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या नंतरच्या कोठारी आयोगानंही (१९६४-६६) गृहविज्ञान मुलींवर सक्तीचं करू नये असंच म्हटलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोण? जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, आपल्या जिल्ह्याचे.

साखळी आणि किल्ली एकाच कपाटात असतात, दादा. कपाट विकलं की दोन्ही जातात. आणि तुमच्या घरी भाकरी कोण थापतं, ते पुढच्या पत्रात कळवा.

२०२१च्या पुरात आमच्या घरी पाणी शिरलं. आजीची शिवणाची आणि पाककृतींची पुस्तकं भिजली. आम्ही उन्हात टाकली, ती पापडासारखी झाली. आता काही होईल का? आणि पुन्हा पाणी आलं तर? (शाहूपुरी)

वाकलेली पानं पूर्ण सरळ होणार नाहीत, पण वाचता येत असतील तर पुस्तक जिवंत आहे. कोरड्या दिवसांत, दिवाळीनंतर, दोन सपाट फळ्यांमधे वजनाखाली आठवडाभर ठेवून बघा. चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका.

पुन्हा पाणी आलं तर, पंचगंगेनं तोंड वळवावं पण येणारच नाही असं कोण सांगणार, घड्याळ लक्षात ठेवा. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. ऊन वर्ज्य. पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी फुलवायची, मधेमधे टीपकागद घालायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. चिखल लागला असेल तर पुस्तक मिटलेलं धरून स्वच्छ पाण्यात हलकेच विसळा. पण शाईने लिहिलेल्या वहीला हे करायचं नाही, अक्षरं वाहून जातील. पुस्तकं जास्त आणि हात कमी असतील तर ती कागदात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. हसू नका. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, मग सवडीने एकेक वाळवता येतं. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांना तर हाच उपाय, नाहीतर त्यांची वीट होते. ओळखीचा आइस्क्रीमवाला जुलैआधीच गाठून ठेवा.

आजेसासूबाईंचं छापील पाकशास्त्र आहे. स्कॅन करून सगळ्यांना वाचायला ठेवलं तर कायद्यानं चालेल का? (इचलकरंजी)

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. लेखिका १९५०ला वारली असेल तर २०१०च्या अखेरीस हक्क संपला. निनावी पुस्तकाला प्रकाशनापासून साठ. समासात आजेसासूबाईंनी लिहिलेलं असेल तर तेही स्कॅन करा, खरं पुस्तक तेच. त्या मजकुरावर मात्र घरच्यांचा हक्क, तेव्हा जावांना विचारा.

आणि एक. १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हिंदुस्थानात पहिल्यांदा केला तो कोल्हापूर संस्थानानं, मद्रासच्याही तीन वर्षं आधी. हे कुणी विचारलेलं नाही, पण मी संधी सोडत नाही.

मी सत्तरी ओलांडलीय. आम्हाला शाळेत पांढरा सॉस शिकवला, तो जन्मात पुन्हा केला नाही. का शिकवला हो? माझी वही नाही राहिली. आम्ही केलेली नानखटाई मात्र हेडमास्तरांच्या खोलीत जायची. माझ्याकडं देण्यासारखं काहीच नाही. (कागल)

आक्का, पांढरा रस्सा घरोघरी होतो तिथं तुम्हाला पांढरा सॉस शिकवला, यात सगळं आलं. ज्या पुस्तकांवरून अभ्यासक्रम बेतला ती पुस्तकं साहेबाच्या स्वयंपाकघरातली. मैदा लोण्यावर परतून दूध घातलं की गुठळी का होते, हा धडा चांगलाच आहे. पण तो पिठल्यावरही शिकवता आला असता, गुठळी तीच.

देण्यासारखं नाही कसं? वही नसेल, तोंड तर आहे. नातवाला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि बोला. स्टोव्ह वातीचा होता की पंपाचा? रॉकेल कोण आणायचं? मैदा-साखर घरून आणायची की शाळा द्यायची, आणि जिच्या घरी साखर नसायची ती त्या दिवशी शाळेत यायची का? मुलं त्या तासाला काय करायची? भांडी कुणी घासली? यातलं एकही कॉर्नेलच्या त्या मोठ्या संग्रहात नाही आणि आमच्या कपाटातही नव्हतं.

आणि नानखटाई एका वेळी किती व्हायची, त्यातली हेडमास्तरांच्या खोलीत किती जायची आणि तुमच्या वाट्याला किती यायची, तेवढे तीन आकडे आधी कळवा.